संकुलात कामाला येणाऱ्या बायकांनी स्वच्छतागृहासाठी कोठे जावे?

प्रश्न : खराडीची रहिवासी

पुण्याच्या पूर्व भागात, खराडीमध्ये, आम्ही गेली सहा वर्षे राहतो. आमच्या संकुलात तीन इमारती आणि २१२ सदनिका आहेत. पोहण्याचा तलाव, व्यायामशाळा, मुलांसाठी खेळायची जागा, पाहुण्यांच्या गाड्यांसाठी राखून ठेवलेले तळघर असे सगळे येथे आहे. सकाळी साडेसहापासून दुपारी चारपर्यंत दीडशेच्या आसपास बायका धुणीभांडी, केरफरशी, स्वयंपाक आणि मुले सांभाळण्याच्या कामाला येतात. फाटकावर त्यांच्या येण्याजाण्याची नोंद होते, त्या नोंदींवरूनच मी हा आकडा देत आहे. या दीडशे बायकांसाठी संपूर्ण संकुलात एकही स्वच्छतागृह नाही, हे मला सहा वर्षांत एकदाही जाणवले नव्हते.

ते जाणवले गेल्या महिन्यात. आमच्याकडे पोळीभाजी करायला येणाऱ्या मावशी आठ दिवस आल्या नाहीत. थंडी वाजून ताप आला होता. आधी काही आठवडे त्यांना उन्हाळी लागत होती, त्या धण्याचे पाणी पिऊन दिवस काढत होत्या. शेवटी डॉक्टरांनी लघवी तपासली तेव्हा जंतुसंसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेल्याचे निघाले. त्या परत आल्यावर मी विचारले की तुम्ही दिवसभरात कोठे जाता. ओट्यावर कणीक मळत, माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, “कुठं जाणार ताई? सकाळी घरून निघाले की परत घरी गेल्यावरच.” त्या वाघोलीच्या बाजूला पत्र्याच्या खोल्यांत राहतात. तेथे आठ खोल्यांत मिळून एक संडास आहे, पहाटे रांग असते. सहाला घर सोडतात, पाच घरे करतात आणि चारच्या पुढे परततात. म्हणजे दहा तास.

आमच्या घरात दोन स्वच्छतागृहे आहेत. मी त्यांना कधी नाही म्हटले नव्हते. पण वापरत जा असेही कधी म्हटले नव्हते, आणि मी जे बोललेच नाही त्याचा अर्थ त्यांनी नकार असाच घेतला होता. त्यात त्यांची चूक नाही.

मी हा विषय संकुलाच्या व्हॉट्सॲप गटावर मांडला. कोणी लिहिले की हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे. कोणी सुचवले की तळघरात पंपाच्या खोलीशेजारी सुरक्षारक्षकांचे स्वच्छतागृह आहे, तेच बायकांनीही वापरावे. मी ते जाऊन पाहिले. दाराला आतून कडी नाही, दिवा बाहेरून लावावा लागतो, आणि लागूनच रात्रपाळीचे रक्षक दिवसा झोपतात. पाण्याचाही मुद्दा निघाला, कारण भामा आसखेड धरणाचे पाणी शहराच्या या भागात आले तरी उन्हाळ्यात आम्हाला टँकर घ्यावेच लागतात. एका सदस्याने लिहिले की आज स्वच्छतागृह दिले तर उद्या आणखी काही मागतील.

संकुलाला हे करायला भाग पाडणारा एखादा कायदा किंवा नियम आहे का? कोणाच्या संकुलात अशी सोय झाली असेल, तर ती चालते कशी? आणि प्रत्येकीने आपापल्या घरी “आमचे वापरा” असे सांगितले तर तेवढ्याने काम भागेल का? मला सर्वसाधारण सभेत बोलायचे आहे, आणि केवळ कळवळ्याने बोलून तेथे काही होणार नाही हे मला कळते.

उत्तर १ : वास्तुविशारद, कर्वेनगर

सभेत बोलण्याआधी तुमच्या इमारतींचा मंजूर नकाशा मिळवा. मी पंचवीस वर्षे हेच काम करतो, आणि माझ्या पाहण्यात अशी अनेक मोठी संकुले आली आहेत जिथे तळमजल्यावर नोकर आणि वाहनचालक यांच्यासाठी स्वच्छतागृह नकाशात दाखवलेले असते, बांधलेलेही असते, आणि भोगवटा प्रमाणपत्र हाती पडल्यानंतर वर्षभरात तेथे माळीकामाचे सामान, जुन्या खुर्च्या नाहीतर समितीचे कपाट येऊन बसते. तुमचा प्रकल्प २०१७ नंतर महारेराकडे, म्हणजे गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, नोंदला गेला असेल तर नकाशे त्यांच्या संकेतस्थळावर असतील. जुना असेल तर महापालिकेच्या बांधकाम विभागाकडे माहितीच्या अधिकारात अर्ज करा. नकाशात स्वच्छतागृह सापडले, तर नवे काही बांधा असे म्हणण्याची वेळच तुमच्यावर येणार नाही. मंजूर झालेली जागा बंद का ठेवली, हे समितीला सांगावे लागेल.

कायद्याचे म्हणाल तर समितीला थेट बांधून टाकील असे कलम मी तुमच्या हाती देऊ शकत नाही. मला मात्र एक गोष्ट वर्षानुवर्षे छळते. तुमची इमारत उभी राहत होती तेव्हा विटा वाहणाऱ्या बाईसाठी शौचालयाची सोय करणे हे १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने मालकावर बंधनकारक होते. कारखान्यात तर १९४८ पासून आहे. ते किती ठिकाणी पाळले जाते हा वेगळा विषय, पण कागदावर तरी तो हक्क आहे. इमारत पूर्ण झाली, लोक राहायला आले, आणि त्याच जागेत रोज दहा तास राबणाऱ्या बाईचा तो कागदावरचा हक्कही संपला, कारण घराला आपण कामाचे ठिकाण मानत नाही. महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी २००८ साली कल्याण मंडळाचा कायदा झाला, पण त्याचा रोख नोंदणी आणि मदतीच्या योजना यांच्यावर आहे. घर हे कामाचे ठिकाण आहे असे केंद्राच्या कायद्याने स्पष्ट शब्दांत म्हटले ते २०१३ साली, लैंगिक छळाच्या संदर्भात. सभेत हा मुद्दा अवश्य सांगा.

सभा बोलावण्यासाठी समितीच्या मर्जीची वाट पाहू नका. एकूण सदस्यांपैकी एक पंचमांश सदस्यांनी लेखी मागणी केली की महिन्याच्या आत विशेष सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. २१२ सदस्यांत त्या ४३ सह्या होतात.

जागा निवडताना तळघर टाळा. बायका ज्या फाटकाने येतात त्याच्याजवळ, सांडपाण्याची वाहिनी जेथे जवळ असेल तेथे जागा शोधा. दीडशेजणींसाठी शौचालयाचे एक भांडे पुरणार नाही, किमान तीन हवीत. आतून मजबूत कडी, आतच दिव्याचे बटण, पिशवी अडकवायला खुंटी आणि झाकणाचा डबा. खुंटीला किरकोळ समजू नका. फरशीवर पिशवी ठेवावी लागते म्हणून बायका जात नाहीत, हे मला माझ्याच एका प्रकल्पात फार उशिरा कळले.

उत्तर २ : समिती सदस्य, बाणेर

आमच्या संकुलात ही सोय आहे, आणि ती एकदा बंद पडून पुन्हा सुरू झालेली आहे, म्हणून दोन्ही बाजू सांगतो.

पहिल्यांदा आम्ही ठराव केला, दोन स्वच्छतागृहे उघडली आणि विषय संपला असे धरून चाललो. ती स्वच्छ कोणी करायची हे ठरवलेच नव्हते. सफाईच्या ठेकेदाराने ते त्याच्या करारात नाही म्हणून हात वर केले. डबा नसल्यामुळे वाहिनी दोनदा तुंबली, खालच्या मजल्यावर वास येऊ लागला, तक्रारी झाल्या आणि सहा महिन्यांत कुलूप लागले. “बघा, त्यांना वापरताच येत नाही” असे तेव्हा बरेच जण म्हणाले. मीही त्यांच्यात होतो. पुढे एका सदस्येने करारच मागवून घेतला आणि दाखवून दिले की क्लबहाऊसमधली स्वच्छतागृहे दिवसातून चार वेळा धुतली जातात आणि ही एकदाही नाही. त्यानंतर करारात दिवसातून तीन वेळा सफाई लिहून घेतली, त्याचे वेगळे पैसे ठरवले आणि डबे ठेवले. आता दोन वर्षे झाली, माझ्यापर्यंत एकही तक्रार आलेली नाही.

पाण्याचा हिशेब सभेत मांडाच. दीडशे बायका दिवसातून दोनदा गेल्या आणि दर वेळी सहा लिटर पाणी लागले, तर दिवसाला १,८०० लिटर होतात. दहा हजार लिटरच्या टँकरचा तो पाचवा हिस्साही नाही. तुमच्याकडे सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प असेलच. फ्लशला तेच पाणी जोडा, म्हणजे टँकरचा संबंधच उरत नाही. आम्ही तसेच केले आहे. ते पाणी एरवी हिरवळीवर जात होते.

एक विनंती आहे. विरोध करणारे सगळे निर्दयी आहेत असे धरून सभेत जाऊ नका. त्यातले निम्मे लोक देखभाल शुल्क वाढेल म्हणून घाबरलेले असतात, हप्ते फेडत असतात, आणि त्यांच्यासमोर आकडा ठेवला की ते शांत होतात. आमच्याकडे दर सदनिकेमागे महिन्याला साठ रुपयांच्या आत खर्च बसला. हा आकडा आधीच छापून सगळ्यांना वाटला असता, तर पहिल्या सभेतले दोन तास वाचले असते.

उत्तर ३ : एका घरकामगाराची मुलगी

मी या चर्चांत सहसा लिहीत नाही. माझी आई बावीस वर्षे घरकाम करत होती. आम्ही परभणी जिल्ह्यातून आलो, दोन वर्षे पाऊस नव्हता, वडील आधी आले आणि मग आम्ही. आज मी एका कंपनीत हिशेबाचे काम करते.

आई सकाळी निघताना अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली भरून नेत असे, आणि संध्याकाळी ती बाटली तशीच भरलेली परत येत असे. आल्या आल्या आम्ही दोघी बहिणी ते पाणी पिऊन टाकायचो, कारण ते एका घरच्या फ्रिजमध्ये ठेवलेले असायचे आणि थोडेसे गार लागायचे. आईला तहान कशी लागत नाही, याचे आम्हाला नवल वाटे. मी अकरावीत होते तेव्हा, तिला पहिल्यांदा दवाखान्यात ठेवावे लागले त्या वेळी, मला समजले की ती जाणूनबुजून पाणी पीत नव्हती. न्यायची ती कशासाठी? विचारल्यावर म्हणाली की फारच चक्कर आली तर असावी जवळ.

सुरुवातीच्या काळात ती ज्या भागात कामाला जायची तेथे इमारतींच्या मध्ये मोकळे प्लॉट होते, झुडपे होती, अर्धवट बांधकामे होती. बायका दोघीतिघी मिळून जात, एक बाहेर उभी राहत असे. ते चांगले होते असे मी म्हणत नाही. साप निघत, पुरुष थांबून बघत. पण एकेक प्लॉट भरत गेला, पत्रे लागले, भिंती झाल्या, कॅमेरे आले, आणि दर वर्षी एक आडोसा कमी होत गेला. शहर वाढले हे आम्हाला असे कळत होते. कामे वाढली, पगारही थोडा वाढला, आणि जायला जागा राहिली नाही.

पाळीच्या चार दिवसांबद्दल कोणी लिहिलेले नाही म्हणून मी लिहिते. सकाळी सहाला घेतलेले कापड दुपारी चारला बदलायचे. त्यात वाकून फरशी पुसायची. आई त्या दिवसांत काळी किंवा गडद तपकिरी साडी नेसत असे, आणि तरीही कोणाच्या सोफ्याच्या कडेला कधी टेकत नसे. एका घरी तिला डाग पडला म्हणून बोलणी बसली होती. त्या घराने कामावरून काढले नाही, पण त्यानंतर आई त्या घरी त्या चार दिवसांत खाडा करू लागली आणि तिचे तेवढे पैसे कापले जाऊ लागले.

आता तुमचा तिसरा प्रश्न, घरचे वापरा असे सांगितले तर भागेल का. सांगा, जरूर सांगा, ऐकून बरे वाटते. पण फार थोड्या बायका वापरतील. आई म्हणायची की दुसऱ्याच्या घरात आपण कडी लावली की बाहेर सगळे ऐकत असतात. साहेब घरी असतील तर प्रश्नच नाही. त्यातून ते स्वच्छतागृह तीच घासते. आपण वापरल्यावर जरा काही राहिले तर बोट आपल्याकडेच येईल, ही धास्ती असते. पाच घरांपैकी एकीने परवानगी दिली आणि त्या घरचे काम सकाळी सातला असेल, तर दुपारी एकला त्या परवानगीचा काही उपयोग नाही. संकुलातली सोय वेगळी असते. तेथे कोणाचे उपकार नसतात.

उत्तर ४ : एक जुना कार्यकर्ता, गंज पेठ

वरच्या ताईंनी जे लिहिले त्यात मी भर घालावी असे काही नाही. दोनच गोष्टी सांगतो.

पुण्यातल्या घरकामगार बायका कोणी सांगितल्यावर जाग्या झाल्या असे नाही. १९८० साली याच शहरात त्यांनी संप केला होता. कामे बंद ठेवून त्या रस्त्यावर आल्या, पगारवाढ आणि आजारपणाची रजा मागितली, आणि त्या संपातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. १९९३ साली कचरा वेचणाऱ्या बायकांची आणि पुरुषांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत झाली. आज घरोघरी कचरा घ्यायला येणारी स्वच्छ ही सहकारी संस्था त्यातूनच निघाली. म्हणून माझे म्हणणे असे की तुमच्या संकुलातल्या दीडशेजणींना न विचारता काही ठरवू नका. वाटल्यास दुपारी काम संपल्यावर अर्धा तास फाटकाजवळ बसा आणि जागा कोठे हवी, किती हव्यात, कडी कशी हवी हे त्यांच्याकडूनच ऐका. सभेत त्यांच्यापैकी कोणाला बोलायचे असेल तर बोलू द्या. पण नाव पुढे आले म्हणून कोणाचे काम जाणार नाही, एवढी खबरदारी तुम्ही घेतली पाहिजे. हे मी अनुभवाने सांगतो.

दुसरी गोष्ट बोलायला अवघड आहे, तरी बोलतो. खर्च, पाणी ही कारणे खरी असतीलही, आणि बाणेरच्या सदस्यांनी त्यांना उत्तरे दिली आहेत. परंतु सगळी उत्तरे दिल्यावरही काही जणांचा विरोध उरतो, तेव्हा त्याच्या मुळाशी बाटण्याची भीती असते. वेगळा कप, वेगळी लिफ्ट, दाराबाहेर काढायच्या चपला, ही सगळी तिचीच रूपे आहेत. स्वच्छतेचे नाव नंतर लागले. मी जेथे राहतो त्या गंज पेठेत महात्मा फुल्यांचा वाडा आहे. १८६८ साली त्यांनी वाड्यातला पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. तो सरकारी नव्हता, नगरपालिकेचाही नव्हता, त्यांच्या घरचा होता. “हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे” असे तुमच्या गटावर कोणीतरी लिहिले आहे, म्हणून मला त्याची आठवण झाली.

उत्तर ५ : खराडीची रहिवासी (प्रश्नकर्ती)

सर्वांची मी मनापासून आभारी आहे. बाटलीची गोष्ट वाचून मी उठले आणि मावशींची पिशवी कोठे असते ते पाहिले. बाटली होती, भरलेली होती.

नकाशा मिळाला. दुसऱ्या इमारतीच्या तळमजल्यावर, जिन्यामागे, नोकरवर्गासाठी दोन स्वच्छतागृहे स्पष्ट दाखवलेली आहेत. मी व्यवस्थापकांना ती खोली उघडायला लावली. आत दोन भांडी बसवलेली आहेत, फरशा लावलेल्या आहेत, नळाला पाणीही आहे. वर गणपतीच्या मांडवाचे सामान, कारंज्याचा मोडका पंप आणि खताची पोती रचून ठेवली आहेत. सहा वर्षे मी त्या दारावरून लिफ्टकडे जात होते.

आतापर्यंत ५१ सह्या झाल्या आहेत, म्हणजे सभा घ्यावी लागेल. काल दुपारी आम्ही तिघीजणी फाटकाजवळच्या बाकावर बसलो. आधी कोणी थांबेना; मग मावशींनी दोघीतिघींना हाक मारली आणि हळूहळू वीसएक बायका जमल्या. त्यांचे म्हणणे असे की जागा चालेल, पण जिन्यामागे अंधार आहे, म्हणून तेथपर्यंत दिवा हवा. आणखी एक भांडे वाढवता आले तर सकाळी अकराच्या सुमाराला, जेव्हा सगळ्या एक घर संपवून दुसऱ्याकडे निघतात, तेव्हा रांग लागणार नाही. खुंटीचे मी विचारले, तर चारपाच जणी एकदमच हो म्हणाल्या.

एका मुद्द्यावर मला अजून सल्ला हवा आहे. समितीचे अध्यक्ष तयार आहेत, पण त्यांची अट अशी आहे की दाराला कुलूप असावे, चावी सुरक्षारक्षकाकडे असावी आणि घेताना वहीत सही करावी. काल मी ही अट बायकांना सांगितली तेव्हा कोणी काही बोलले नाही. निघताना एक अगदी तरुण मुलगी मागे थांबली आणि हळूच म्हणाली, “मॅडम, वॉचमनदादांकडून चावी मागायची असेल तर मग राहू द्या.” बाणेरच्या सदस्यांना विचारते, तुमच्याकडे दार दिवसभर उघडे असते का, आणि सुरुवातीला त्याला जो विरोध झाला असेल, त्याला तुम्ही काय सांगितले? सभा २२ तारखेला आहे.

उत्तर ६ : समिती सदस्य, बाणेर

सकाळी सहा ते संध्याकाळी सात उघडे असते. कुलूप फक्त रात्री लागते आणि ते सफाई करणारी बाईच लावते. चावीची अट आमच्याकडेही पुढे आली होती. तेव्हा आम्ही एवढेच विचारले की क्लबहाऊसच्या स्वच्छतागृहाची चावी आपण कोणाकडे मागतो, आणि ठरावातून ते वाक्य काढून टाकले. ठरावाचा मसुदा तुम्हाला पाठवतो, त्यात वेळा आणि सफाईचे कलम जसेच्या तसे वापरता येईल. २२ तारखेच्या सभेची सूचना किमान पाच पूर्ण दिवस आधी सर्वांना मिळेल याची काळजी घ्या, नाहीतर याच कारणाने ठराव अडवला जाईल.